माझ्या इंजेक्शनात उंदीर आहे?

माझी भाची बुऱ्हाणपूरला राहते. खाली यंत्रमागांची खटखट आणि वर माणसांचा संसार, अशा घरांच्या गल्लीत. गेल्या पावसाळ्यात शाळेतून येताना एका कुत्र्यानं तिची पोटरी पकडली. आईनं तिला नळाखाली बसवलं, साबण लावून चांगली पंधरा मिनिटं जखम धुतली आणि मग दवाखाना गाठला. (आई हुशार. साबण आणि वाहतं पाणी यांनीच बरेचसे विषाणू निघून जातात.) तिथे दोन प्रकारच्या सुया निघाल्या. एक दंडात टोचली. दुसरी थेट जखमेच्या कडेकडेनं, आणि तिचा राग भाचीला अजून आहे.

रात्री फोन आला. "मामा, त्या दुसऱ्या सुईच्या खोक्यातला कागद मी वाचला. त्यात लिहिलंय, चायनीज हॅमस्टर ओव्हरी. माझ्या इंजेक्शनात उंदीर आहे?"

उंदीर नाही गं. पण उंदराच्या एका मावसबहिणीशी त्याचा संबंध आहे खरा.

आधी दोन सुया कशाला, ते बघू. रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूत शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे सरकतो. दंडातली लस शरीराला शिकवते, की याच्याशी लढायला प्रतिपिंडं तयार कर. पण शिकायला आठवडा तरी लागतोच. तोवर पहारा कोणी द्यायचा? म्हणून जखमेतच आयती, तयार प्रतिपिंडं टोचतात. प्रतिपिंड दिसतं बेचकीसारखं. त्या बेचकीची दोन टोकं विषाणूला घट्ट धरतात आणि त्याला पुढे जाऊ देत नाहीत.

ही तयार प्रतिपिंडं पूर्वीपासून घोड्यांच्या रक्तातून काढतात, आजही काढतात. पण घोड्याचं ते घोड्याचंच, काही जणांच्या अंगाला ते सोसत नाही. माणसाच्या रक्तातली मिळतात, पण थोडी आणि महाग. मग पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं अमेरिकेतल्या मॅसबायोलॉजिक्स या संस्थेबरोबर वेगळाच मार्ग धरला: माणसाचं प्रतिपिंड, पण बनवायचं हॅमस्टरच्या पेशींकडून. गंमत अशी, की सीरमची सुरुवात ज्या पूनावाला घराण्यानं केली, ते मूळचं घोड्यांच्या पैदाशीतलं!

आता ती मावसबहीण. चिनी हॅमस्टर उत्तर चीन आणि मंगोलियातला. मुठीत मावेल एवढा, गालात दाणे कोंबून बिळाकडे पळणारा. १९१९ साली पेकिंगमध्ये प्रयोगाला पांढरे उंदीर मिळेनात, म्हणून एका संशोधकानं न्यूमोनियाचे जंतू ओळखायला हे हॅमस्टर वापरले. अशी त्यांची विज्ञानात भरती झाली. पुढे १९४८ मध्ये चीनमध्ये यादवी युद्ध पेटलेलं असताना वॉटसन नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं १० नर आणि १० माद्या एका पेटीत घालून विमानानं अमेरिकेला नेल्या. कल्पना करा, देशात धामधूम चाललेली आणि हे गृहस्थ हॅमस्टर सांभाळत विमानतळाकडे निघालेले.

तिथे त्यांची पिल्लावळ वाढली. १९५७ मध्ये डेन्व्हरच्या थिओडोर पक या शास्त्रज्ञानं अशाच एका मादीच्या अंडाशयाचा इवलासा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. हॅमस्टरच का? कारण मोजायला सोपा! माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, याच्या पेशीत फक्त २२, तीही चांगली मोठी मोठी. पकला गुणसूत्रांचा अभ्यास करायचा होता. औषधाचा विचारही त्याच्या डोक्यात नव्हता.

बशीत वाढवलेल्या साध्या पेशी काही पिढ्यांनंतर थकतात आणि थांबतात. या थांबल्याच नाहीत. अन्न द्या, ३७ अंशांची ऊब द्या, की साधारण दिवसभरात एकीच्या दोन होतात. एका पेशीपासून सुरुवात केली आणि सगळ्या जगल्या, तर तीस दिवसांनी किती? दोनचा पाढा नाही, दुप्पट-दुप्पट करत जा. शंभर कोटींच्या वर उत्तर आलं तर बरोबर. खाण्यापिण्यात मात्र नखरे आहेत हं: प्रोलिन नावाचं एक अमिनो आम्ल त्यांना स्वतःला बनवता येत नाही, ते ताटात वाढावंच लागतं. ती हॅमस्टरीण केव्हाच गेली, पण तिच्या पेशींची लेकरंबाळं जगभर आहेत. नको असतील तेव्हा उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायच्या, हव्या तेव्हा जाग्या करायच्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अशा नाना पेशींची बँकच आहे.

"पण हॅमस्टरची पेशी माणसाचं प्रतिपिंड का बनवेल?" भाचीनं विचारलं.

मी म्हटलं, खिडकीतून खाली बघ. माग विचारतो का, हे कापड कुणाच्या अंगावर जाणार? बीम चढवा, कांडी भरा, धोटा पळू लागतो. पेशीतही तसंच. शास्त्रज्ञ माणसाचं जनुक, म्हणजे विणायची नक्षी, पेशीत घालतात आणि पेशी मुकाट विणत बसते. वर तयार माल आपणच बाहेरच्या पाण्यात टाकते. आपण फक्त गाळून स्वच्छ करायचा.

मग हे काम जिवाणूंना का नाही दिलं? ते तर आणखी भराभर वाढतात. इन्सुलिनसारखा छोटा रुमाल ते विणतात की! पण प्रतिपिंड म्हणजे चार तुकडे जोडलेला शिवलेला सदरा, आणि त्याला साखरेची बटणंही हवीत. खरोखरची साखर: प्रथिनावर ठरावीक जागी चिकटलेल्या साखरेच्या छोट्या साखळ्या. साध्या जिवाणूला ही बटणं लावता येत नाहीत. हॅमस्टरच्या पेशी ती जवळजवळ माणसासारखी लावतात. शिवाय माणसाला छळणारे पुष्कळ विषाणू त्यांच्यात नीट वाढत नाहीत, म्हणून त्या सुरक्षित. १९८७ मध्ये अमेरिकेत या पेशींनी बनवलेल्या पहिल्या औषधाला परवानगी मिळाली. ते होतं हृदयातली रक्ताची गुठळी विरघळवणारं. आता कर्करोगापासून सांधेदुखीपर्यंत कितीतरी औषधं हजारो लिटरच्या पोलादी टाक्यांत अशीच तयार होतात.

भाचीचं समाधान झालं असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी लसीचा दुसरा डोस होता. त्या रात्री पुन्हा फोन.

"मामा, आज दंडातल्या सुईचा कागद आणलाय. यात व्हेरो पेशी लिहिलंय. हा कोण?"

"माकड," मी म्हटलं. "आफ्रिकेतलं. त्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी. १९६२ साली जपानात वाढवल्या."

पलीकडे बराच वेळ नुसती मागांची खटखट ऐकू येत होती. मग ती ओरडली, "आई, आधी उंदीर होता, आता माकड निघालं!"