चौदा माणसांचं स्वयंपाकघर

तृतीय वर्ष, स्थापत्य (सिव्हिल)



सिव्हिलच्या मुलीने मॅगझिनमध्ये लेख लिहायचा म्हणजे धरण, मेट्रो नाहीतर भूकंपरोधक इमारती यांवर लिहावा, असं सगळ्यांना वाटतं. स्वयंपाकघरावर लिहिते म्हटल्यावर माझी रूममेट हसली आणि म्हणाली, “अगं, हे तर होम सायन्सवाल्यांचं काम!” पण खरं सांगू का? घरातल्या इतर कुठल्याही खोलीपेक्षा स्वयंपाकघरात इंजिनिअरिंग जास्त असतं. तिथे पाणी आत येतं, सांडपाणी बाहेर जातं, आग असते, धूर असतो, वर्षाच्या धान्याचा साठा असतो आणि ठरलेल्या वेळेला प्रॉडक्शन बाहेर पडावंच लागतं. तिथे सुट्टी नाही की एक्स्टेन्शन नाही! तरीही प्लॅन काढताना आपण आधी हॉल काढतो, मग बेडरूम काढतो, आणि उरलेल्या चौकोनात ‘किचन’ असं लिहून मोकळे होतो.

या विषयाकडे वळायचं कारण म्हणजे परभणीजवळच्या पेडगावातलं आमचं घर. आजोबांच्या वेळचं माळवदाचं घर उतरवून तिथे स्लॅबचं घर बांधायचं ठरलं आहे. घरात माणसं १४, त्यात लहान मुलं ४. नव्या घराचा जो नकाशा काढून आणला, त्यात बैठकीची खोली २० बाय १६ फूट आणि स्वयंपाकघर १० बाय १० फूट! ज्या खोलीत पाहुणे महिन्यातून चार वेळा बसणार ती ३२० चौरस फूट, आणि जिथे तीन बायका रोज सहा-सात तास उभ्या राहणार ती १००. नियमाने यात काहीच चूक नाही. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे स्वयंपाकघर कमीत कमी ५ चौरस मीटर आणि रुंदीला १.८ मीटर असलं की झालं. पण कोड हा सगळ्यांसाठी किमान मर्यादा सांगतो, तुमच्या घरातली माणसं तो मोजत नाही. ती आपणच मोजायची असतात.

जगात हा अभ्यास कसा सुरू झाला?

स्वयंपाकघराचा शास्त्रीय विचार सुरू झाला तो कारखान्यातून. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे जोडपं कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करायचं. फ्रँक गिलब्रेथ यांनी वीट रचण्याच्या कामातल्या १८ हालचाली चार-पाचवर आणल्या, हे आपल्याला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पहिल्याच लेक्चरला सांगतात. १९२४ मध्ये ते अचानक वारले. पदरात ११ मुलं, आणि बाई इंजिनिअरला कारखान्याचं काम द्यायला कोणी तयार नाही. मग लिलियनबाईंनी तीच पद्धत स्वयंपाकघराला लावली. १९२९ मध्ये त्यांनी ब्रुकलिनच्या एका गॅस कंपनीसाठी आदर्श स्वयंपाकघर तयार केलं. पायाने दाबून उघडायची कचराकुंडी आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचं श्रेय त्यांना दिलं जातं. पुढे १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या घरावर त्यांच्याच दोन मुलांनी लिहिलेलं ‘चीपर बाय द डझन’ हे पुस्तक कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बऱ्याच जणांनी वाचलं असेल.

त्याच काळात, १९२६ मध्ये, मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या आर्किटेक्ट बाईंनी जर्मनीतल्या कामगार वसाहतींसाठी ‘फ्रँकफर्ट किचन’ काढलं. साधारण १.९ बाय ३.४ मीटरची खोली, हात लांब केला की सगळं हाताशी. ही कल्पना त्यांना रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघरावरून सुचली. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून ‘वर्क ट्रँगल’ आला: शेगडी, सिंक आणि फ्रिज या तीन बिंदूंचा त्रिकोण. त्याच्या तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फुटांच्या आत असावी. आज मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये जो ‘एल’ आणि ‘यू’ आकार दाखवतात, त्याच्यामागे हाच त्रिकोण आहे.

हा त्रिकोण आपल्याकडे का अडतो?

कारण तो एका बाईसाठी काढलेला आहे. एक बाई, चार माणसं, ओव्हन आणि ब्रेड. आमच्याकडे एका वेळी आजी, मोठी आई आणि काकू अशा तिघी आत असतात आणि माझी आई आत-बाहेर करत असते. त्रिकोणात चार जणी घातल्या की त्रिकोण कसला, गर्दी होते!

दुसरं कारण भाकरी. आमचा जिल्हा ज्वारीचा. इथल्या कृषी विद्यापीठाने ज्वारीच्या वाणांना ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ अशी नावं दिली आहेत, यावरून काय ते समजा. आता साधा हिशेब करू. मोठ्या दहा जणांना दोन-दोन आणि चार मुलांना एक-एक धरली, तर एका वेळच्या २४ भाकरी होतात. एका तव्यावर एक भाकरी थापून, भाजून, फुगवून निघायला साधारण अडीच मिनिटं लागतात. म्हणजे एका तव्यावर पूर्ण एक तास!

आपल्या मेसमध्ये लाईन कुठे लागते ते आठवा. भाजीपुढे नाही, भातापुढे नाही, पोळीपुढे लागते. भाजीचं पातेलं एकदाच शिजतं आणि सगळ्यांना पुरतं, पोळी मात्र एकेक करूनच होते. यालाच प्रॉडक्शनच्या भाषेत ‘बॉटलनेक’ म्हणतात. फ्रिज दोन फूट जवळ आणला तर काही सेकंद वाचतील. दुसरा तवा आणि थापायला दुसरी जागा दिली, तर अर्धा तास वाचतो. म्हणून मोठ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघराचा प्लॅन त्रिकोणापासून सुरू करू नये, बॉटलनेकपासून सुरू करावा. मला या लेखात मुख्य हेच सांगायचं आहे.

दोऱ्याने मोजा

आता बॉटलनेक आणि फेऱ्या शोधायच्या कशा? वर्क स्टडीमध्ये ‘स्ट्रिंग डायग्रॅम’ आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी तो घरीच केला. ड्रॉइंग शीटवर १:२० स्केलने जुनं स्वयंपाकघर काढलं, थर्माकोलवर लावलं, आणि चूल, गॅस, रांजण, मोरी, मांडणी, धान्याची कोठी या ठिकाणी टाचण्या टोचल्या. मग सकाळी सहा ते नऊ एका कोपऱ्यात बसून, मोठी आई जशी फिरेल तसा शिवणाचा दोरा टाचण्यांभोवती फिरवत गेले. (काकू म्हणाली, “पोरगी इंजिनिअर होऊन आली अन् पतंगाचा मांजा गुंडाळायली!”)

शीटवर सर्वात जाड गुंता झाला तो रांजण आणि भाकरीची जागा यांच्यामध्ये, आणि त्याखालोखाल मोरीच्या वाटेवर. फ्रिजच्या टाचणीला दोरा जेमतेम चार वेळा अडकला. त्रिकोणाच्या नियमाने बघायचं तर ज्याला आम्ही महत्त्व दिलं असतं ते महत्त्वाचं नव्हतंच. पाणी आणि भाकरी एका हाताच्या अंतरावर हवेत, हे त्या गुंत्याने सांगितलं. दुसरी गोष्ट अशी की खरकटी भांडी घेऊन जाणारी आणि भरलेली ताटं घेऊन येणारी एकाच दारात एकमेकींना अडत होत्या. चौदा जणांची ताट, वाटी, पेला आणि चमचा धरले तरी एका जेवणाचे ५६ नग होतात, पातेली वेगळीच!

उंची कोणाची?

आमच्या नकाशात ओटा ३६ इंच होता. हे अमेरिकेतलं स्टँडर्ड. आपल्या देशात बाईची सरासरी उंची १५२ सेंटीमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास आहे. उभ्या माणसाचं कोपर साधारण उंचीच्या ६३ टक्क्यांवर येतं. म्हणजे पाच फुटांच्या बाईचं कोपर ३८ इंचांवर. भाजी चिरणं, ढवळणं यासाठी ओटा कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली, म्हणजे ३३ इंच असावा. पण पीठ मळणं आणि भाकरी थापणं यात जोर लावावा लागतो, त्यासाठी तो दहा इंच खाली, म्हणजे २८ इंच हवा. ३६ इंचांच्या ओट्यावर पाच फुटांची बाई भाकरी थापायला लागली तर खांदे वर उचलावे लागतात. रोज दोन वेळा, वर्षानुवर्षं. मग मानदुखीला आपण वय झालं म्हणतो!

आजीचं मत विचारलं तर ती म्हणाली, “उभ्यानं भाकर व्हती का कुठं?” तिचंही बरोबर आहे. बसून थापताना काटवट खाली असते आणि अंगाचा भार हातात उतरतो. उलट मोठ्या आईचे गुडघे दुखतात, तिला बसवत नाही. म्हणून उत्तर एक नाही, दोन आहेत: २८ इंचांचा भाकरीचा ओटा आणि मागच्या पडवीत चूल.

धूर आणि गॅस

चूल कशाला, असं कोणी विचारेल. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गॅस गावोगावी पोचला, तरी पाणी तापवायला, सणाच्या पुरणाला आणि सिलिंडर संपल्यावर चूल पेटतेच. ती नाही असं समजून प्लॅन काढला, तर उद्या ती जिन्याखाली पेटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगात ३२ लाख मृत्यू झाले. जुन्या माळवदाला धूर जायला वर साणं असायचं. स्लॅबच्या घरात आपण ते बुजवतो आणि त्याच्या जागी काहीच देत नाही. म्हणून चूल पडवीत घ्यावी, आणि तिच्यावर छपराच्या वर जाणारं धुराडं असावं.

गॅसची गोष्ट उलटी आहे. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला तर तो वर जात नाही, जमिनीवर पसरतो. म्हणून नुसती वरची खिडकी आणि एक्झॉस्ट पुरत नाही, सिलिंडरजवळ जमिनीलगत जाळीचं भोक पाहिजे. सिलिंडर उभा ठेवावा आणि शेगडी नेहमी त्याच्यापेक्षा उंच असावी. खाली बसून भाकरी करता यावी म्हणून शेगडी फरशीवर मांडणारी घरं भरपूर आहेत, आणि ते धोक्याचं आहे. २८ इंचांचा ओटा इथेही कामाला येतो, कारण घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर त्याच्याखालीच राहतो.

आणि वास्तू? आजोबांचा आग्रह आग्नेय कोपऱ्याचा. मी वाद घातला नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे आग्नेयेचा धूर घरात न शिरता बाहेर जातो, असा हिशेब लावता येतो. नियम आणि परंपरा जिथे जुळतात तिथे भांडायचं कशाला?

मग लेआउट कसा?

हे सगळं धरून मी १२ बाय १८ फुटांचा प्लॅन काढला आहे. थोडक्यात मुद्दे असे:

१) पाणी आणि भाकरी शेजारी. माठाचा कट्टा भाकरीच्या ओट्याला लागूनच.

२) दोन आगी. भाजी-वरणासाठी ३३ इंचांचा ओटा, भाकरीसाठी २८ इंचांचा, दोन तव्यांपुरता.

३) मधली मोकळी जागा सहा फूट. दोघी उभ्याने काम करत असतील तर चार फूट पुरतात, पण आमच्याकडे विळी घेऊन कोणीतरी खाली बसतंच.

४) दोन दारं. पुढच्या दाराने भरलेली ताटं पंगतीला जातील, मागच्या दाराने खरकटी भांडी पडवीतल्या मोरीवर.

५) साठवणीचे तीन भाग. रोज लागणारे डबे कमर आणि डोळे यांच्यामध्ये. आठवड्याला लागणारं खाली. पुरणयंत्र आणि कार्याची मोठी पातेली वर माळ्यावर. वर्षाचं धान्य स्वयंपाकघरात नाहीच, शेजारच्या कोरड्या कोठीत.

यासाठी बैठक चार फुटांनी आणि मागची एक खोली थोडी कमी करावी लागते. काका म्हणतात, “चार लोक आल्यावर बसायचे कुठं?” प्रश्न रास्त आहे. पण माझा प्रश्नही रास्त आहे: त्या चार लोकांचा चहा आणि जेवण येणार कुठून? नकाशा काढताना तिघींपैकी एकीलाही कोणी विचारलं नव्हतं. दोऱ्याचा शीट मी भिंतीला लावून ठेवला आहे. मोठ्या आईने तो बघितला आणि फक्त एवढंच म्हणाली, “मी एवढी चालते व्हय?” त्यानंतर काकांनी टेप घेऊन बैठक पुन्हा मोजली. पाया अजून भरायचा आहे, त्यामुळे निर्णयाला वेळ आहे.

परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाचं महाविद्यालय आहे, आता त्याला सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात. शेतकरी बायकांचे काबाडकष्ट कमी करण्यावर तिथे अनेक वर्षं काम चालतं. म्हणजे ज्ञान आपल्या जिल्ह्यातच आहे, ते नकाशात उतरत नाही एवढंच. ते उतरवणं आपलं, म्हणजे सिव्हिलवाल्यांचं काम आहे.

तेव्हा मित्रांनो, येत्या सुट्टीत घरी गेलात की एक शीट, एक डझन टाचण्या आणि दोऱ्याचं एक रीळ घ्या. आई, काकू, वहिनी जे कोणी असेल, त्यांच्या कोपराची उंची मोजा. आणि मुलांनो, ‘हे मुलींचं काम’ म्हणू नका. वीट रचण्याच्या हालचाली मोजणारा पुरुषच होता, आणि चौदा जणांत तुम्हीही दोन भाकरी खाताच की!