शाळेच्या मांडवावर द्राक्षवेल लावायची आहे?

हा प्रश्न मला बरेचदा येतो, म्हणून आमचा अनुभव लिहिते.

आमच्या मांडवावर आधी थॉमसनची वेल होती. मुलं तिच्या सावलीत खिचडी खायची. एका बागायतदार पालकांनी मोठ्या प्रेमाने एप्रिलमध्ये खरड छाटणी करून दिली, आणि ऐन उन्हात मांडव उघडा पडला! त्यांचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये काडी तयार व्हावी म्हणून आणि ऑक्टोबरमध्ये घडांसाठी. घड हवेत तर छाटायलाच हवं. आम्हाला हवी होती सावली. शिवाय पावसाळ्यात केवडा रोग आला की बागेत फवारणी करतात. मुलांच्या डोक्यावर औषध कसं मारणार?

म्हणून आता डॉगरिज लावलंय. शेतकरी ज्या खुंटावर थॉमसनचं कलम करतात, तोच हा. मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा, वाढीला जोरकस, कमी पाण्यात तग धरणारा. कलम न करता वाढू दिला की नुसती पानंच पानं. एकच खोड वर न्यायचं, मग फांद्या मांडवभर पसरवायच्या. फार गर्दी झाली तर हिवाळ्यात विरळ करायच्या, उन्हाळ्यात कात्री लावायची नाही.

परिसर अभ्यासाला तर मजाच! तणावा पानाच्या बरोबर समोर फुटतो आणि आधार मिळाला की स्प्रिंगसारखा वळतो. मुलांनी सुतळी बांधून ते पाहिलं. एकीने विचारलं, "बाई, पानं द्राक्षाची, मग द्राक्षं कुठंयत?" पुढचा अख्खा तास कलमावर गेला.