खसखस, अफू आणि प्रयोगशाळेचा निवाडा

जानेवारी-फेब्रुवारीत इंदूरहून वायव्येस रतलाम, मंदसौर, नीमच असा प्रवास केला, तर अफूच्या पांढऱ्या फुलांची शेते दृष्टीस पडतात. ही शेती सरकारी परवान्याची. बोंडाला चिरा देऊन काढलेल्या चिकापासून मॉर्फीन व कोडीन ही औषधे तयार होतात. होळकरांच्या काळी इंदूर ही माळव्याच्या अफूची मोठी पेठ होती व तो माल मुंबईमार्गे चीनला जात असे. त्याच बोंडातील बी म्हणजे आपली खसखस, जी गृहिणी अनारशावर लावते. आणि त्याच मॉर्फीनपासून चोरट्या मार्गाने हेरॉईनही बनते!

एकाच झाडाची ही लेकरे. म्हणूनच तपासणाराची कसोटी लागते. पकडलेल्या पुडीवर प्रथम गंधकाम्ल व फॉर्मॅल्डिहाइड यांच्या मिश्रणाचा थेंब टाकतात. जांभळा रंग आला की संशय बळावतो. परंतु औषधातील कोडीनही हाच रंग देते. केवळ रंगावरून कोणास गुन्हेगार ठरविणे हा मला तरी घोर अन्याय वाटतो. पुढील काम गॅस क्रोमॅटोग्राफ व मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रांचे. पहिले यंत्र मिश्रणातील द्रव्ये एकमेकांपासून वेगळी करते. दुसरे प्रत्येकाच्या रेणूचे तुकडे करून त्यांच्या वजनांवरून त्याची ओळख पटविते.

मनुष्याच्या लघवीची परीक्षा याहून नाजूक. हेरॉईन शरीरात काही मिनिटांतच मोडू लागते. प्रथम त्याचे ६-मोनोॲसिटिलमॉर्फीन होते, नंतर मॉर्फीन. आता गंमत पाहा : खसखशीच्या दाण्यांना चीक चिकटलेला असतो, त्यामुळे ती भरपूर खाल्ल्यासही लघवीत मॉर्फीन सापडू शकते. खोकल्याच्या औषधातील कोडीनचेही अंशतः मॉर्फीनच होते. याच कारणास्तव अमेरिकेत सरकारी चाचण्यांची मर्यादा १९९८ साली मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेण्यात आली. ६-मोनोॲसिटिलमॉर्फीन मात्र खसखशीपासून किंवा कोडीनपासून होत नाही. ते सापडले तर हेरॉईनचा पुरावा पक्का. पण ते लघवीत थोडे तासच टिकते, म्हणून नमुना उशिरा घेतला तर खरा व्यसनीही निसटतो.

तेव्हा आपला मुलगा नोकरीसाठी अशा परीक्षेस जाणार असेल, तर घेतलेल्या औषधांची चिठ्ठी त्याने बरोबर न्यावी. निकाल विपरीत आलाच, तर यंत्रावरील दुसरी परीक्षा झाली आहे की नाही, हे आधी विचारावे.