धूळ, धुरळा आणि 'कोनिस'

घुग्घुस, माजरी किंवा सास्तीला घर असेल, तर एक गोष्ट सांगायची गरज नाही. सकाळी पुसलेली गाडी दुपारी पुन्हा काळी. तिकडे एटापल्लीत सुरजागडच्या लोहखनिजाची धूळ लाल. रंग वेगळा, शब्द तोच.

पण मराठीत खरं तर दोन शब्द आहेत. धूळ बसते, धुरळा उडतो. धूळ स्त्रीलिंगी, धुरळा पुल्लिंगी. म्हणून धूळ 'खात' फाइल पडून राहते आणि निवडणुकीत मात्र 'धुरळा' उडतो!

गंमत म्हणजे प्राचीन ग्रीकमध्येही हीच जोडी आहे. 'कोनिस' म्हणजे धूळ, स्त्रीलिंगी. 'कोनिऑर्टोस' म्हणजे उडवलेली धूळ, आपला धुरळा, आणि तोही पुल्लिंगी. आपली 'धूळ' प्रत्यय लागताच 'धुळीत', 'धुळीने' होते. तसं 'कोनिस'चं षष्ठीत 'कोनेओस' होतं. कोनिसचा आणखी एक अर्थ राख. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची राखड बघणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

हा शब्द आपल्याकडे पोचला तो दवाखान्यातून. 1867 मध्ये झेंकर या जर्मन डॉक्टरने 'न्यूमोन' म्हणजे फुफ्फुस आणि 'कोनिस' जोडून एका आजाराला नाव दिलं. तोच आजचा न्यूमोकोनिओसिस. सरळ मराठीत, फुफ्फुसात साचलेली धूळ.

इथे व्याकरण संपतं आणि हक्काचा प्रश्न सुरू होतो. डोळ्यांत जातो तो धुरळा दिसतो. फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण साधारण 5 मायक्रॉनपेक्षा बारीक, ते दिसतच नाहीत. त्रास वर्षांनंतर जाणवतो आणि झालेली हानी भरून येत नाही. घरी मात्र म्हणतात, "बाबांना दमा आहे."

कागदावरही 'दमा' एवढंच लिहिलं, तर खाणीचा संबंध पुसला जातो. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1952 च्या खाण कायद्यानुसार, खाणीत काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला अधिसूचित आजार असल्याचं वाटलं, तर डॉक्टरने मुख्य निरीक्षकांना लेखी कळवणं बंधनकारक होतं. न्यूमोकोनिओसिस त्या यादीत होता, दमा नव्हता. भरपाईसाठीही आजाराचं नेमकं नाव महत्त्वाचं.

म्हणून घरात कुणी खाणीत काम केलं असेल आणि खोकला जात नसेल, तर डॉक्टरांना आधी हे सांगा: किती वर्षं, कुठल्या खाणीत, काय काम. छातीचा एक्स-रे जपून ठेवा. आणि कागदावर नेमका कुठला शब्द लिहिलाय, तो वाचा.