बरोबरीचें व्यासपीठ

आपल्या न्यायशास्त्रानें कथेचे, म्हणजे दोन पक्षांतील शास्त्रीय चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद. जिंकण्याच्या ईर्षेनें होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ परपक्षाचें खंडन करीत सुटणें ही वितंडा. या तिन्हींत एक गोष्ट इतकी गृहीत धरलेली असते कीं, तिचा निराळा उच्चार सहसा कोणी करीत नाहीं. ती ही कीं, समोर बसलेला मनुष्य उत्तर देण्यास अधिकारी आहे. ज्याचा हा अधिकारच नाकारला, त्याच्याशीं वाद होत नसतो. त्याला फक्त आज्ञा होते. एका अमेरिकन चित्रपटाचा परिचय वाचकांस करून देण्यास बसलों असतां हाच विचार आमच्या मनांत वारंवार येत आहे.

‘द ग्रेट डिबेटर्स’ हा चित्रपट २००७ सालच्या नाताळांत अमेरिकेंत प्रदर्शित झाला. विख्यात नट डेन्झेल वॉशिंग्टन यांनीं त्याचें दिग्दर्शन केलें असून प्रमुख भूमिकाही त्यांचीच आहे. कथा घडते ती टेक्सासमधील मार्शल या लहानशा गांवीं, १९३५ च्या सुमारास. त्या काळीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत कृष्णवर्णीयांच्या शाळा निराळ्या, आगगाडीचे डबे निराळे, पाणी पिण्याचे नळही निराळे. व्यवस्था निराळी पण बरोबरीची असेल तर ती घटनेस धरूनच आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १८९६ सालीं दिला होता. निराळेपण कसोशीनें पाळलें गेलें. बरोबरी मात्र कागदावरच राहिली. अशा या गांवीं मेथॉडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मंडळींनीं १८७३ सालीं कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठीं वायली कॉलेज काढलें होतें.

या कॉलेजांत मेल्विन टॉल्सन नांवाचे इंग्रजीचे प्राध्यापक १९२४ पासून शिकवीत होते. पुढें ते कवि म्हणून नांवाजले. पण वायलीच्या विद्यार्थ्यांना ते आठवत ते वादसभेचे कठोर गुरु म्हणून. मुद्द्यांची जुळणी, प्रतिपक्षाच्या आक्षेपांचा आगाऊ विचार, आवाजाचा चढउतार, हातवारे, बोलतां बोलतां क्षणभर कोठें थांबावें, या साऱ्यांची ते पुनःपुन्हां उजळणी करवून घेत. पाठशाळेंत गुरुजींपुढें पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष घोटणाऱ्या विद्यार्थ्यांचें चित्र ज्यांच्या परिचयाचें आहे, त्यांस ही तालीम पाहून परकें असें कांहींच वाटणार नाहीं. संघांत मुलीला प्रवेश होता, हा विशेष. चित्रपटांतील सामंथा ही हेन्रिएटा बेल वेल्स यांच्यावरून रंगविलेली आहे. या बाई १९३० सालीं संघांत एकट्याच स्त्री होत्या. २००८ च्या फेब्रुवारींत, चित्रपट लागल्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनीं, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षीं त्या वारल्या.

संघांतील सर्वांत लहान मुलगा जेम्स फार्मर. वयाच्या चौदाव्या वर्षीं तो कॉलेजांत दाखल झाला. त्याचे वडील तेथेंच अध्यापक, बोस्टन विद्यापीठाचे डॉक्टर, अनेक भाषांचे जाणकार. चित्रपटांतील एक प्रसंग आमच्या मतें सर्व सभांहून मोठा आहे. हे विद्वान गृहस्थ कुटुंबासह मोटारीनें चालले असतां एक डुक्कर गाडीखालीं सांपडतें. डुकराचे गोरे मालक पंचवीस डॉलर मागतात. खिशांत असतो तो केवळ पगाराचा सतरा डॉलरांचा चेक. तोच ते सही करून निमूटपणें त्यांच्या स्वाधीन करतात. मागें पत्नी आणि मुलें बसून हें पाहत असतात. घरांत ज्याचा शब्द प्रमाण, अशा कर्त्या पुरुषाचें आपल्याच मुलांदेखत मुकें होणें म्हणजे काय, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस सांगावयास नको. अपमानाहून अधिक झोंबतें तें हें कीं, वादविद्येच्या या घरांत त्या क्षणीं एकही युक्तिवाद उपयोगाचा नसतो. पुढें टॉल्सन यांना तुरुंगांत टाकलें जातें, तेव्हां हेच वडील शेरीफपुढें शांतपणें उभे राहून त्यांची सुटका करवितात. मागचें मौन भित्रेपणाचें नव्हतें, तें मुलांच्या जिवासाठीं होतें, हें मुलाला आणि आपणांसही तेव्हां उमगतें.

चित्रपटाच्या शेवटीं वायलीचा संघ हार्वर्ड विद्यापीठाशीं सामना देतो. विषय असतो सविनय कायदेभंगाचा. छोटा फार्मर १९१९ च्या अमृतसरच्या हत्याकांडाचा दाखला देतो, गांधीजींचें नांव घेतो, आणि अखेरीस, वाटेंत रात्रीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें, जमावानें फांसावर लटकाविलेलें प्रेत सभेपुढें उभें करतो. प्रसंग विलक्षण उठावदार आहे. परंतु तो इतिहास नव्हे. वायलीचा गाजलेला सामना १९३५ च्या एप्रिलांत कॅलिफोर्नियांत, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशीं झाला. तो संघ तेव्हां राष्ट्रांतील अजिंक्य म्हणून ओळखला जाई. वायलीनें बाजी मारली. पण कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना वादसंस्थेचें सभासदत्व दुसऱ्या महायुद्धानंतरच मिळालें. त्यामुळें अजिंक्यांस हरवूनही त्यांना अजिंक्यपद सांगतां येईना.

चित्रपटांत वायलीच्या वांट्यास प्रत्येक वेळीं न्याय्य पक्षच येतो, हाही एक दोष आम्हांस जाणवतो. खरा वादपटु नेमून दिलेला पक्ष लढवितो, मग तो मनास पटो वा न पटो. त्याच शिस्तींतून प्रतिपक्षाचें मन ओळखण्याची कला येते. प्रतिपक्षाचें नांव मोठें करण्याच्या भरांत चित्रकारांनीं खऱ्या विजयाचा तीक्ष्ण कांटाच बोथट केला. हार्वर्डला हरविणें हा गोड शेवट; जिंकूनही यादींत नांव नसणें हा खरा शेवट.

तथापि त्या विद्येचें फळ सभागृहाबाहेर मिळालें. टॉल्सन यांच्याच हाताखालीं शिकलेले हीमन स्वेट यांनीं १९४६ सालीं टेक्सास विद्यापीठाच्या कायदेशाळेंत प्रवेश मागितला. रंगामुळें तो नाकारला गेला आणि त्यांच्यासाठीं राज्यानें निराळीच शाळा काढली. १९५० सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्वेट यांच्या बाजूनें निकाल दिला. त्यांत एक कारण असें दिलें कीं, ज्या समाजांत वकिली करावयाची त्या समाजापासून आणि विचारांच्या देवाणघेवाणीपासून तोडलेल्या शाळेंत कायदा शिकतां येत नाहीं. वाद करण्यास प्रतिवादी हवा, ही वादसभेची पहिली अट कायद्याच्या पुस्तकांत आली ती अशी.

जेम्स फार्मर पुढें हॉवर्ड विद्यापीठांत हॉवर्ड थर्मन यांचे शिष्य झाले. थर्मन १९३६ सालीं बारडोलीस येऊन गांधीजींना भेटून गेले होते. १९४२ सालीं शिकागोंत फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘कोअर’ ही वांशिक समतेची संस्था स्थापिली. सत्याग्रहावरील कृष्णलाल श्रीधराणी यांचें पुस्तक तिच्या कार्यकर्त्यांनीं मार्गदर्शक म्हणून वापरलें. १९६१ च्या मे महिन्यांत तेरा प्रवासी, गोरे आणि काळे एकत्र, दक्षिणेकडील बसगाड्यांत बसले, त्या यात्रेचे सूत्रधार फार्मरच होते. अलाबामांत त्यांतील एक बस जाळण्यांत आली. खुद्द फार्मरना मिसिसिपींत कारावास घडला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आंतरराज्य बसप्रवासांतील वर्णभेद बंद करणारा नियम अंमलांत आला. वडिलांनीं जें मौनानें सोसलें, त्याचें उत्तर मुलानें असें दिलें.

वायली कॉलेज निघालें त्याच १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हें आपलें पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन जनतेस अर्पण केलें. तेथील दास्याकडे पाहतांना त्यांची दृष्टि आपल्याच ओसरीकडे होती. शास्त्रार्थाचा वारसा आम्ही अभिमानानें सांगतों. पण त्या सभेंत कोणास बसूं दिलें आणि कोणास दाराबाहेर उभें केलें, हा हिशेब त्या अभिमानाबरोबरच मांडला पाहिजे. दूरदेशींचा अन्याय पाहून डोळे ओले होणें सोपें आहे. आपल्या माजघरांतील अन्यायाला उत्तर ऐकण्याचा अधिकार देणें कठीण.

जाणत्या मुलामुलींसह घरांतील सर्वांनीं हा चित्रपट पाहावा, अशी आमची शिफारस आहे. फांसाच्या दृश्यामुळें लहानग्यांस मात्र दूर ठेवावें. आणि पाहून झाल्यावर घरांत वाद अवश्य घालावा. त्या वादांत घरांतील सर्वांत धाकट्यास, आणि आजवर जिचें मत कोणीं विचारलें नाहीं तिला, पहिल्यानें बोलूं द्यावें.