अर्ज वेगळा, पैसे वेगळे

स्लाऊ असो की हॅरो, ब्रिटनमधल्या मराठी घरात बारसं असलं की पंगतीत चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, विषय निघतोच. कोणी सांगतं, ‘बाळ इथं जन्मलं, म्हणजे मिळणारच.’ कोणी म्हणतं, ‘पगार बरा असेल तर अर्जाच्या भानगडीत पडू नका.’ दोन्ही सल्ले मायेनं दिलेले असतात आणि दोन्ही महाग पडू शकतात. पहिल्यानं व्हिसा अडचणीत येतो, दुसऱ्यानं आईची म्हातारपणची पेन्शन घटते.

आधी व्हिसाचं पाहू. बाळाचा जन्म कुठं झाला यावर हा हक्क ठरत नाही, अर्ज करणाऱ्या पालकाच्या इमिग्रेशन दर्जावर ठरतो. शिवाय १ जानेवारी १९८३ पासून ब्रिटनमध्ये जन्मलेलं प्रत्येक मूल आपोआप ब्रिटिश नागरिक होत नाही. त्यासाठी जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक किंवा तिथं कायम वास्तव्याचा हक्क मिळालेले असावे लागतात. स्किल्ड वर्कर किंवा डिपेंडंट व्हिसावर आलेल्यांना सहसा ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदत न घेण्याची अट लागू असते. चाइल्ड बेनिफिट हा पब्लिक फंड आहे. त्यामुळे आई-वडील दोघंही अशा व्हिसावर असतील, तर अर्ज करू नये. चुकून घेतलेले पैसे परत करावे लागू शकतात, आणि पुढं व्हिसा वाढवताना किंवा आयएलआरच्या (कायम वास्तव्याच्या परवानगीच्या) वेळी ते प्रकरण समोर येऊ शकतं.

पण या अटीची धास्ती घेऊन काही जण जे हक्काचं आहे तेही सोडतात. सरकारी शाळा आणि एनएचएसचे उपचार पब्लिक फंडात मोडत नाहीत. नोकरीतून मिळणारं मातृत्व वेतनही मोडत नाही. दोघांपैकी एकाला आयएलआर किंवा नागरिकत्व मिळालं असेल, तर त्या व्यक्तीनं चाइल्ड बेनिफिटचा अर्ज करायला हरकत नाही.

आता पगाराचं. एका पालकाचं वार्षिक उत्पन्न ६०,००० पौंडांच्या वर गेलं, की दर २०० पौंडांमागे बेनिफिटचा एक टक्का कराच्या रूपानं परत जातो. ८०,००० ला सगळंच परत जातं. एप्रिल २०२४ पर्यंत हा कर ५०,००० पासूनच सुरू व्हायचा, म्हणून जुने सल्ले आता चालत नाहीत. इथं घराची एकूण कमाई धरत नाहीत, दोघांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, तेवढंच पाहतात. नवरा-बायको दोघांनाही ५९,००० असतील, म्हणजे घरात १,१८,००० येत असतील, तरी बेनिफिट पूर्ण मिळतं. एकट्याच्या ८०,००० वर चालणाऱ्या घराच्या हाती मात्र काहीच उरत नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण आज तो तसाच आहे. पगार ६४,००० असेल आणि त्यातले ४,००० स्वतःच्या पेन्शनमध्ये टाकले, तर हिशेबाचं उत्पन्न ६०,००० वर येतं आणि हा कर लागत नाही.

‘मग ८०,००० च्या वर कमावणाऱ्यानं अर्ज कशाला करायचा?’ बारशाच्या पंगतीतली सर्वांत मोठी चूक हीच. अर्ज भरून ‘पैसे नकोत’ असा पर्याय निवडता येतो. असा अर्ज केला, की बाळासाठी घरी राहिलेल्या आईच्या खात्यात मूल १२ वर्षांचं होईपर्यंत नॅशनल इन्शुरन्सची वर्षं जमा होत राहतात. पूर्ण सरकारी पेन्शनला साधारणपणे ३५ वर्षं लागतात. २०२५-२६ मध्ये ती आठवड्याला २३०.२५ पौंड होती. म्हणजे हुकलेल्या एकेका वर्षामागे वर्षाला सुमारे ३४२ पौंड, तेही आयुष्यभर. भारतातली नोकरी सोडून नवऱ्याबरोबर आलेल्या बाईला आयएलआर मिळाल्यावर पेन्शनची वर्षं जोडण्याचा हा सोपा मार्ग आहे. म्हणून आई कमावत नसेल, तर अर्ज तिच्याच नावानं करावा. नवऱ्याच्या नावानं केला, तर ती वर्षं आधीच नोकरी करत असलेल्या माणसाकडं जातात आणि त्याला त्यांचा उपयोग नसतो.

पैसे आईच्या हाती जावेत ही गोष्ट आपसूक घडलेली नाही. १९४५ मध्ये चाइल्ड बेनिफिटच्या आधीच्या फॅमिली अलाउन्सचा कायदा होत असताना रक्कम वडिलांना देण्याचा बेत होता. खासदार एलिनॉर रॅथबोन त्याविरुद्ध अडून बसल्या आणि तो बदलला. जानेवारी १९४६ मध्ये त्या गेल्या, आणि पहिले पैसे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयांच्या हाती पडले. तेव्हा पहिल्या मुलासाठी काहीच मिळत नसे. २०२५-२६ मध्ये पहिल्या मुलाला आठवड्याला २६.०५ आणि पुढच्या प्रत्येकाला १७.२५ पौंड होते.

कमी कमाईच्या घरांसाठीच्या टॅक्स क्रेडिटबद्दलही अजून विचारणा होते. ते ५ एप्रिल २०२५ ला बंद झालं, त्याची जागा युनिव्हर्सल क्रेडिटनं घेतली. ‘तिसऱ्या मुलाला मिळत नाही’ हा समजही तिथूनच आला. दोन मुलांची मर्यादा टॅक्स क्रेडिटला आणि युनिव्हर्सल क्रेडिटला होती, चाइल्ड बेनिफिटला कधीच नव्हती. युनिव्हर्सल क्रेडिटमधली ती मर्यादाही एप्रिल २०२६ पासून उठवण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात जाहीर झाला.

मुलाला आजी-आजोबांकडं पुण्याला किंवा सांगलीला वर्षभर ठेवून इकडं बेनिफिट चालू ठेवता येत नाही. सुट्टीत जाऊन आलं तर हक्क जात नाही, पण मुक्काम लांबणार असेल तर आधी एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याला, कळवावं. येण्याजाण्याची तिकिटंही जपून ठेवावीत. २०२५ मध्ये प्रवासाच्या अपुऱ्या नोंदींवर विसंबून परदेशी जाऊन परतलेल्या अनेक कुटुंबांचे हप्ते चुकीनं थांबवले गेले होते.

आणि अर्जाला उशीर करू नका. मागचं बेनिफिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचंच मिळतं, मूल दोन वर्षांचं झाल्यावर जाग आली तरी तेवढंच. बाळाची जन्मनोंदणी झाल्यावर ४८ तासांनी ऑनलाइन अर्ज करता येतो. म्हणजे बहुतेक घरांत बारशाचे पाहुणे घरी जायच्या आतच.