दूरध्वनीवरील मुलाखत आणि आपली मुले

साकोलीहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. एखाद्या कारखान्याने अथवा कार्यालयाने शिकाऊ उमेदवार म्हणून मुलाखतीस बोलावले, की पहाटेची एस.टी. गाठायची, दिवसभर बाकावर बसून राहायचे आणि रात्री परतायचे, असा क्रम पूर्वी ठरलेला असे. अलीकडे पुष्कळ कंपन्या पहिली चाचपणी दूरध्वनीवरच करतात. प्रवासाचा खर्च वाचतो, मुलींच्या बाबतीत घरच्यांची काळजीही कमी होते. आपल्या भागासाठी ही सोय मोठी आहे. परंतु दहा-पंधरा मिनिटांच्या त्या संभाषणात उमेदवाराचा नीटनेटका पोशाख, चेहऱ्यावरील नम्रता, प्रमाणपत्रांची फाईल यांपैकी काहीच पलीकडच्या माणसास दिसत नाही. त्याच्याजवळ असतो केवळ आवाज आणि समोर उघडलेला आपला अर्ज.

शिकता शिकता काम करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि श्रम करून शिकण्याला तेथे प्रतिष्ठा मिळवून दिली. पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आजही त्यांच्याच नावाने चालते. हे सांगण्याचे कारण असे, की ‘घरचे दुकान असताना पाच-आठ हजारांसाठी परक्याच्या दारी कशाला?’ हा प्रश्न आपल्या व्यापारी घरांतून अजूनही ऐकू येतो. विद्यावेतनाचा आकडा लहान असतो हे खरे. पण परक्याच्या शिस्तीत घालवलेले वर्ष मुलाला जे शिकवते, ते वडिलांच्या गादीशेजारी बसून शिकता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

संधींची नावे अनेक आहेत. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा; १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. २०२४ मध्ये राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. त्या वेळी बारावी उत्तीर्णांस सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांस आठ हजार, तर पदवीधरांस दहा हजार रुपये मासिक विद्यावेतन ठरले होते. त्याच वर्षी पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली. तीत आरंभी दरमहा पाच हजार रुपये आणि वयाची अट २१ ते २४ वर्षे अशी होती. या अटी वेळोवेळी बदलतात. पूर्णवेळ शिक्षण चालू असलेल्यास एका ठिकाणी प्रवेश नसतो, तर दुसरीकडे महाविद्यालयच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कामास पाठवते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या त्या वेळची पात्रता स्वतः वाचावी. ‘मित्राने सांगितले’ हा आधार पुरेसा नव्हे.

आता मुलाखतीविषयी. बँकेतील नोकरीच्या काळात मला अनेक तरुण उमेदवारांशी बोलण्याचा प्रसंग आला, आणि निवृत्तीनंतर परिचितांच्या मुलांची तयारी करून घेताना तोच अनुभव पुन्हा येतो. ‘यापूर्वी कोणते काम केले आहे?’ असे विचारले, की आमची मुले चटकन म्हणतात, ‘काही नाही.’ हे उत्तर बहुतेक वेळा असत्य असते, आणि मुलास ते असत्य आहे हेही ठाऊक नसते.

गेल्या वर्षी एका वाणिज्य पदवीच्या विद्यार्थिनीने मला हेच उत्तर दिले. थोडे खोदून विचारता कळले, की आईच्या बचत गटाची नोंदवही चार वर्षे तीच लिहिते. कोणी किती हप्ता भरला, कोणाचे कर्ज थकले, व्याज किती झाले, बैठकीत काय ठरले, हे सारे तिच्या अक्षरात. शिवाय रोवणीच्या दिवसांत मजुरांची हजेरी ती ठेवी. धान आधारभूत खरेदी केंद्रावर गेले, की सातबारा, बँकेचे पासबुक आणि पोत्यांची संख्या यांचा मेळ तीच घाली. लेखापालाच्या हाताखाली काम मागणाऱ्या मुलीजवळ याहून समर्पक अनुभव कोणता असणार? पण तो घरचा, म्हणून तिच्या लेखी तो अनुभवच नव्हता. मी तिला एवढेच सांगितले, की हे सारे आकड्यांसह सांग. किती सभासद, महिन्याला किती रक्कम, चूक सापडली तर ती कशी शोधतेस. ‘मी मेहनती आहे’ हे वाक्य प्रत्येक जण बोलतो. बारा सभासदांच्या हिशेबात पन्नास रुपयांचा फरक कसा शोधून काढला, हे फक्त तीच सांगू शकते. आपल्या घरांतील जी मुले हंगामात दुकानाचा गल्ला सांभाळतात, उधारीची वही पाहतात, मालाची मोजदाद करतात, त्यांनाही हेच लागू आहे. मात्र जे केले तेवढेच सांगावे. पुढचा प्रश्न तपशिलाचा येतो आणि दूरध्वनीवर अडखळणे फार स्पष्ट ऐकू येते.

दुसरी भीती भाषेची. आपली मुले झाडीबोलीत वाढलेली असतात. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, आणि मग ती इतकी संकोचतात की तोंडच उघडत नाहीत, किंवा कोणाची तरी पुणेरी ढब उसनी आणतात. याच बोलीचा डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर अभ्यास केला, झाडीपट्टीचे रंगकर्मी तीच बोली रात्रभर हजारो प्रेक्षकांना ऐकवतात. तिची लाज कशासाठी? पलीकडच्या माणसास शब्द स्पष्ट हवे असतात. वेग किंचित कमी ठेवावा, वाक्य पूर्ण करावे. हिंदीत किंवा इंग्रजीत प्रश्न आला आणि समजला नाही, तर ‘कृपया पुन्हा सांगाल का?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. उत्तर आठवण्यास वेळ लागत असेल तर ‘क्षणभर विचार करून सांगते’ असे म्हणावे; नुसते गप्प राहिल्यास संपर्क तुटला असा समज होतो.

यंत्राची तयारी थोडक्यात सांगतो. भ्रमणध्वनी पूर्ण चार्ज असावा. घरातील ज्या कोपऱ्यात अथवा गच्चीवर नेटवर्क स्थिर राहते, ती जागा आदल्या दिवशी पाहून ठेवावी. अर्जाची छापील प्रत, कागद आणि पेन जवळ असावे. सराव म्हणून काका-मामांपैकी कोणी दुसऱ्या खोलीतून फोन करून प्रश्न विचारावेत, आणि ते संभाषण ध्वनिमुद्रित करून मुलाने स्वतः ऐकावे. पहिल्यांदा स्वतःचा आवाज नकोसा वाटतो, तिसऱ्यांदा त्यातील दोष कळू लागतात. पालकांना विनंती एवढीच, की शेजारी बसून खुणा करू नयेत आणि उत्तरे पुटपुटू नयेत. पलीकडे ते ऐकू जाते.

शेवटी उमेदवारास ‘काही विचारायचे आहे का?’ असे म्हटले जाते. तेव्हा कामाची वेळ, प्रत्यक्ष ठिकाण, विद्यावेतन कोणत्या तारखेस व कसे जमा होणार, परीक्षेच्या काळात रजा मिळेल का, मुक्काम करावा लागल्यास व्यवस्था कोणाची, हे निःसंकोच विचारावे. उत्तर देणाऱ्याचे नाव व पद लिहून घ्यावे.

आणि येथेच माझ्यातील बँक अधिकारी जागा होतो. नोकरीच्या आशेवर असलेले मूल अनोळखी क्रमांकाचा प्रत्येक फोन उचलते, हे भामट्यांना पक्के ठाऊक आहे. नोंदणी शुल्क, सुरक्षा ठेव, गणवेशाचे पैसे अशी मागणी झाली, ओटीपी विचारला गेला किंवा एखादे ॲप उतरवण्यास सांगितले, की संभाषण तेथेच थांबवावे. वर सांगितलेल्या सरकारी योजनांत उमेदवाराकडून शुल्क घेतले जात नाही. त्याहून घातक प्रकार म्हणजे ‘काम सोपे आहे, फक्त तुमचे खाते वापरू द्या’ हा. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरवला जातो, आणि पोलीस प्रथम खातेदाराच्या दारी येतात. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यात दवडलेला प्रत्येक तास महाग पडतो.

शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेले खाते बहुतेकांजवळ असते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तेथे नवी स्वाक्षरी आणि केवायसीची कागदपत्रे द्यावी लागतात. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होऊ शकते. आणि थेट लाभाची रक्कम यायची तर आधार क्रमांक त्या खात्याशी जोडलेला असावा लागतो. मुलाखतीची तारीख येण्याची वाट न पाहता, याच आठवड्यात मुलास घेऊन शाखेत एकदा जाऊन यावे.